बिराप्पाचे पाय

बाभळीचा काटा चांगला करंगळीएवढा होता. वहाणेतून आरपार घुसून तो बिराप्पाच्या टाचेत शिरला होता, आणि हा बाबा तो पाय पसरून निवांत भाकरी खात बसला होता. सुलाबाईला एवढंच दिसलं, की नवऱ्यानं एक वहाण काढली आणि दुसरी काही निघेना. तिनं हात घालून ओढली. वहाणेबरोबर काटा आला आणि काट्यामागून रक्त आलं.

"आवं, काटा हाय की पायात!"

"कुठं?" बिराप्पानं घास न थांबवता विचारलं.

"कुठं म्हंजी? टाचंत! माळावरनं येवडं चालत आलासा, कळलं न्हाई तुमास्नी?"

"मेंढक्याचा पाय हाय गं त्यो. कातडं निबार झालंय," असं म्हणून तो हसला आणि त्यानं बुक्कीनं कांदा फोडला.

सुलाबाईला हसू आलं नाही. तिचा बापही मेंढकाच होता. त्याच्या पायाला भेगा होत्या, घट्टे होते, पण काटा मोडला की तो आईच्या नावानं बोंब मारून खाली बसायचा. निबार कातडं वेगळं आणि हे वेगळं. तिनं फडक्यानं रक्त पुसलं, जखमेत हळद दाबली आणि मुद्दाम जरा जोरात दाबली. बिराप्पा आपला कांदा खात होता.

बिराप्पा काही लेचापेचा माणूस नव्हे. आटपाडीच्या खालच्या अंगाला, उघड्या माळावर त्यांची धनगरांची वस्ती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचं आणि चैतातल्या बिरोबाच्या जत्रेला परत माळाला यायचं, हे त्याच्या आज्यापणज्यापासून चाललेलं. बहात्तरच्या दुष्काळानं कळप अर्धा खाल्ला, तेव्हा तो खडी फोडायला गेला, पण तिथंही दोघांची खडी एकटा फोडायचा. अशा माणसाला तहान लागायला लागली. साधी तहान नव्हे. कळशीला तोंड लावायचा तो तळ दिसल्यावरच काढायचा. रानात लघवीला बसला की त्या जागी मुंग्यांची रांग लागायची. त्याच्या आईनं, दगडाबाईनं, ते पाहिलं आणि ओळखलं. तिच्या नवऱ्याच्या लघवीलाही अशाच मुंग्या लागत. पाठीत काळपुळी होऊन तो गेला होता, आणि तेव्हा बिराप्पाला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं.

पुढं आटपाडीच्या बाजारात बिराप्पा चक्कर येऊन पडला आणि लोकांनी त्याला मिरजेच्या दवाखान्यात पोचवला. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, नवराबायकोला समोर बसवलं आणि सरळच सांगितलं.

"हा मधुमेह. हा बरा होत नाही. हा राखावा लागतो. रोजची गोळी, गोड बंद, आणि रोज लघवी तपासायची."

बिराप्पाच्या कानानं त्यातलं पहिलंच वाक्य घेतलं आणि दार लावून टाकलं. परत येताना एस.टी.त तो म्हणाला, "बरं हुईत न्हाई म्हंतोय त्यो. मग गोळी कशापायी खायाची? बा गेला तसा मी बी जाणार. सटवीनं ल्हिवलंय ते डाक्टर पुसतोय व्हय?"

एवढं बोलून तो खिडकीला डोकं टेकून झोपला, आणि शांत झोपला. सुलाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मरणाचं बोलून माणूस इतका निवांत कसा झोपू शकतो, हे तिला कळेना. आपल्याला तर घाम फुटलाय.

मग ते राखणं तिच्याच गळ्यात पडलं. नर्सनं तिला शिकवलं होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि चुलीच्या जाळावर धरून उकळायचं. निळं राहिलं तर बरं. हिरवं झालं तर सांभाळ. पिवळं झालं तर वाईट आणि विटेसारखं लाल झालं तर फारच वाईट. सुलाबाईला लिहायवाचायला येत नव्हतं, पण रंग येत होते. रोज सकाळी सासूच्या नाकं मुरडण्याकडं दुर्लक्ष करून ती चुलीपुढं नळी धरून बसायची. रंग हिरव्यावर थांबला की ती भाकरीचं पीठ मळायला घ्यायची.

गोळी ती भाकरीबरोबर हातावर ठेवायची. बिराप्पा न बघता गिळायचा. "तू देतीस म्हणून खातोय," म्हणायचा. "मला त्यातलं काय इचारू नगंस." नळीचा रंग त्यानं कधी एकदाही पाहिला नाही. दुखणं त्याचं आणि धाक हिला, असा संसार चालला होता.

दगडाबाईचं मत तिसरंच होतं. "द्येव तारी त्याला कोण मारी," असं ती उठता बसता म्हणायची, आणि नुसती म्हणून थांबली नाही. तिनं बिरोबाला नवस बोलला. पोराचं दुखणं काढ, तो चैताच्या जत्रेत तुझ्या इंगळावरनं चालंल.

त्या बिरोबाच्या जत्रेत देवळापुढं लांब चर खणायचे. त्यात बोरीबाभळीची लाकडं जाळून दिवस मावळायच्या वेळी लालबुंद इंगळ पसरायचे. नवसाचे लोक विहिरीवर आंघोळ करून ओल्या अंगानं यायचे, पुजारी त्यांच्यावर भंडारा उधळायचा, आणि ते इंगळावरून झपाझपा पलीकडं जायचे. पुजारी तात्याबा म्हणजे बिराप्पाचा सख्खा चुलता. माणूस देवभोळा, पण अडाणी नव्हे. तो प्रत्येकाला बजावायचा, "थांबायचं न्हाई गड्या. पाय उचल की टाक, उचल की टाक. पायाला चटका बसला की पाय आपसूक पळतोय."

हे वाक्य सुलाबाई लहानपणापासून ऐकत आली होती. त्या वर्षी ते ऐकलं आणि तिला नवऱ्याची टाच आठवली. चटका बसलाच नाही तर?

ती सासूला बाजूला घेऊन गेली. "आत्ती, त्यांच्या पायाला कळत न्हाई वो. काटा शिरला तरी कळला न्हाई. त्यांस्नी इंगळावर घालू नगासा."

दगडाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू सून दूधखुळीच आहे. "कळत न्हाई तर बरंच की गं! भाजायचं न्हाई त्याला."

यावर काय बोलायचं? तात्याबाकडं जावं तर तो चुलतसासरा, त्याच्यापुढं पदर सावरून उभं राहायचं, बोलायचं कुठलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "द्येवापुढं पाय न्ह्यायाला भ्यायचं असंल तर मग जगायचं तरी कशाला?" आणि दुसरी गोष्ट अशी, की सुलाबाईचा बिरोबावर विश्वास नव्हता असं नाही. चांगला होता. लग्नाआधी तिचा बाप त्याच इंगळावरून चालला होता. देवाच्या आड यायची तिला नवऱ्याच्या आजाराइतकीच भीती वाटत होती. दोन्हीकडून भीती, मधे ती.

जत्रेदिवशी ढोल घुमायला लागले. बिराप्पा ओलेत्यानं आला, कमरेला धोतर, अंगभर भंडारा. सहा फूट उंच, खांदे असे की दोन करडं बसावीत. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गलका झाला आणि त्यानं इंगळावर पाय ठेवला.

चार पावलं तो चालला. मग तो थांबला.

सुलाबाईला आधी वाटलं आपले डोळे फसतायत. तो चराच्या बरोब्बर मधे उभा होता. त्यानं खाली पाहिलं. पायाखाली लाल विस्तव, आणि त्याला काहीच लागत नव्हतं. त्याच्या तोंडावर आधी नवल आलं आणि मग असा आनंद आला, की इतक्या वर्षांत सुलाबाईनं तो कधी बघितला नव्हता. त्यानं दोन्ही हात वर केले.

"थंड हाय!" तो ओरडला. "थंडगार हाय! चांगभलं!"

बायका रडायला लागल्या. ढोलवाल्यांनी ढोल फोडायचे बाकी ठेवले. एकटा तात्याबा हात हलवून ओरडत होता, "पुढं हो! आरं पुढं हो!" पण त्याचा आवाज गलक्यात बुडाला. सुलाबाईच्या नाकात भाजल्याचा वास गेला. केस जळल्यासारखा. तिनं किंकाळी फोडली, ती चांगभलंमधे कुणाला ऐकूही आली नाही.

बिराप्पा सावकाश चालत पलीकडं आला. लोक त्याच्या पायावर पडले. ज्या तात्याबानं ओरडून ओरडून घसा फोडला होता, तोसुद्धा पुढं आला, पुतण्याच्या तोंडाकडं बघत क्षणभर उभा राहिला आणि वाकला. ओंजळीओंजळीनं भंडारा आणून पायांवर थापला गेला. रीत अशी, की इंगळावरून आलेल्याच्या पायाचा भंडारा आवसेपर्यंत धुवायचा नाही. धुतला तर देवानं ठेवलेला हातच धुऊन टाकल्यासारखं होतं म्हणे.

घरी आल्यावर बिराप्पानं बायकोच्या हातातली गोळी घेतली, बघितली आणि चुलीत टाकली. "आता हे नगं. ग्येलं माझं दुखणं. तू बघितलंस न्हवं?"

आणि तो रडला. ढसाढसा रडला. सुलाबाईला हीच गोष्ट सगळ्यात जड गेली. दुखणं झाल्यापासून ज्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तो मरणाला भीत नव्हता असं नाही. त्यानं ते मरण कुठंतरी आत पुरून ठेवलं होतं, आणि आज सुटलो म्हणून रडत होता. आता त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. कुणी तापलेलं पोर आणलं, कुणी दूध न देणारी शेरडी आणली. बिराप्पा ओसरीवर घोंगड्यावर पाय पसरून बसायचा आणि लोक त्या पिवळ्या पायांवर डोकं ठेवायचे. गाव असं असतं. चमत्कार दाखवला की गाव पाया पडतं, आणि ज्याचे पाय असतात त्याच्याकडं बघायला कुणाला सवड नसते.

सुलाबाई मात्र बघत होती. भंडारा मधे मधे ओला व्हायला लागला होता. त्यावर माश्या बसत आणि उठवल्या तरी परत तिथंच बसत. चार-सहा दिवसांनी वास यायला लागला. आजारी मेंढराच्या खुरात किडे झाल्यावर येतो तसला वास. दगडाबाईनं काही न बोलता ओसरीवर ऊद घालायला सुरुवात केली, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. म्हणजे वास तिलाही येत होता. ऊदाच्या धुरात दोघी एकमेकींकडं बघायच्या नाहीत.

एके सकाळी सुलाबाईनं चोरून नळी काढली. कधी नव्हे ते चोरून, आपल्याच नवऱ्याची लघवी, आपल्याच चुलीवर. निळं औषध उकळायला लागलं. हिरव्यावर थांबलं नाही. पिवळ्यावर थांबलं नाही. लाल झालं, विटेसारखं, चरातल्या इंगळासारखं. नळी तिच्या हातातून निसटून चुलीत पडली आणि फुटली. फुटल्याचा आवाज ऐकून बिराप्पा ओसरीवरून म्हणाला, "काय गं?" आणि ती म्हणाली, "काय न्हाई. बांगडी वाढली."

त्याच दुपारी त्याला हुडहुडी भरली. अंग भट्टीसारखं तापलं, तरी हा म्हणतो, "दुखाय लागलं असतं तर गोष्ट येगळी. कुठंच दुखत न्हाई बघ." आवस अजून आठ दिवसांवर होती. सुलाबाईनं मनाशी हिशेब केला. आठ दिवस हा काढणार नाही. भंडारा धुतला आणि बिरोबा कोपला तर कदाचित नवरा जाईल. नाही धुतला तर नक्की जाईल. कदाचित आणि नक्की यांत निवडायची वेळ तिच्यावर आली होती, आणि विचारायला कुणी नव्हतं.

माणसं पांगल्यावर ती आतून दाभण घेऊन आली. घोंगडी टाचायचं ते चांगलं वीतभर लांबीचं दाभण. ते पदराखाली धरून ती त्याच्या पायाशी बसली.

"डोळं मिटा," ती म्हणाली.

"कशापायी?"

"आंगारा लावायचाय द्येवाचा. बघायचं नसतंय."

देवाचं नाव घेऊन ती नवऱ्याशी खोटं बोलली. जन्मात पहिल्यांदा. बिराप्पानं भक्तीनं डोळे मिटले. सुलाबाईनं त्याचा पाय मांडीवर घेतला, मनात म्हणाली, बिरोबा, चुकत असंल तर शाप मला दे, ह्यांस्नी नगं. मग तिनं दाभणाचं टोक टाचेच्या बाजूला, जिथं जुना काटा गेला होता तिथं, टेकवलं आणि दाबलं. आधी भिऊन हळू दाबलं. नवरा हलला नाही. मग तिनं ओठ चावून जोर लावला आणि दाभण आत गेलं.

"लावलास?" त्यानं विचारलं. चेहरा अगदी शांत.

"लावला."

"मग उघडू डोळं?"

"उघडा."

त्यानं डोळे उघडले. आधी त्याला समजलंच नाही आपण काय बघतोय. पायात दाभण उभं होतं, आणि तो पाय त्याचाच होता. तो हसायला गेला, पण हसू तोंडावर आलं नाही. त्यानं हात पुढं करून दाभण हलवून पाहिलं. पुन्हा हलवलं.

"काढ," तो म्हणाला. "सुले, काढ त्ये."

"दुखतंय?"

"न्हाई!" तो ओरडलाच. "न्हाई दुखत! काढ म्हंतोय न्हवं!"

तिनं दाभण उपसून काढलं आणि मग तिला रडू आवरेना. "इंगळ थंड नव्हता वो. पाय मेलाय तुमचा. द्येवानं इस्तू थंड क्येला न्हाई, तुमास्नी कळलंच न्हाई. म्या सांगत हुते, कुणी आयकलं न्हाई माझं."

इंगळाच्या मधे हात वर करून उभा राहिलेला माणूस आता भिंतीला पाठ लावून थरथरत होता. सुलाबाईनं पाणी आणलं आणि आवसेची वाट न बघता पाय धुवायला घेतला. भंडाऱ्याचे पोपडे निघाले. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. तळव्याचं कातडं नव्हतंच, नुसतं मांस होतं, आणि त्यात काय वळवळत होतं ते सांगण्यासारखं नाही. बिराप्पानं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

दारात दगडाबाई उभी होती. सुलाबाईला वाटलं, आता हिच्या शिव्याशाप खायचे. म्हातारी पुढं आली, लेकाच्या पायाकडं बघत राहिली. "त्येच्या बाच्या पाठीवर बी म्या भंडाराच थापत बसले हुते," ती एवढंच म्हणाली आणि शेजारच्या वस्तीवर गाडी जुंपायला सांगायला काठी टेकत धावत सुटली.

मिरजेला दोन बोटं कापली. पाय वाचला. डॉक्टर रागावतील म्हणून सुलाबाई कोपऱ्यात अंग चोरून उभी होती, पण ते काही फार बोलले नाहीत. भंडारा कोणी धुतला एवढं त्यांनी विचारलं आणि म्हणाले, "अजून चार दिवस गेले असते, तर गुडघ्याखाली काही ठेवता आलं नसतं." बिराप्पानं ते ऐकलं. या वेळी त्याच्या कानानं सगळी वाक्यं घेतली.

इथं गोष्ट सुखाची झाली असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. घरी आल्यावर बिराप्पाची झोप गेली. जोवर दुखणं सटवीच्या हातात होतं, देवाच्या हातात होतं, बायकोच्या हातात होतं, तोवर तो घोरत होता. आता ते त्याच्या स्वतःच्या हातात आलं आणि त्याबरोबर भीतीही हातात आली. सकाळी तो सुलाबाईच्या आधी उठून चुलीपुढं बसायचा. नवी नळी हातात धरायचा त्याला धीर होत नव्हता, म्हणून नळी ती धरायची आणि रंग तो बघायचा. संध्याकाळी पाय पुढं करून म्हणायचा, "बघ गं, काय लागलंय का. मला कळत न्हाई." पूर्वी तो 'काय झालेलं न्हाई' म्हणून पाय मागं घ्यायचा. आता म्हणताना त्याचा आवाज लहान पोरासारखा व्हायचा.

एकदा आठवडाभर अगदी पथ्यानं राहूनही रंग लाल आला. त्यानं नळी हिसकावून अंगणात भिरकावली. "सगळं क्येलं! गूळ सोडला, भात सोडला, गोळी चुकवली न्हाई! तरी लाल! मग माझ्या हातात हाय तरी काय?"

सुलाबाईनं अंगणातल्या काचा गोळा केल्या, त्याच्या पायाखाली एकही राहू नये म्हणून हातानं जमीन चाचपली. मग म्हणाली, "मेंढरं किती बी राखली तरी एखादं लांडगा न्हेतोयच की. म्हणून कुणी राखायचं सोडतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी बिराप्पानं स्वतः आटपाडीला जाऊन नळी आणली.

बघता बघता पुढचा चैत आला. कुळाचा देव, नैवेद्य घेऊन जायलाच हवं. गेले तर गेल्या वर्षीचा माणूस म्हणून लोकांनी वाट करून दिली. कापलेली बोटं सगळ्यांनी ऐकली होती, पण लोकांनी त्यावरही गोष्ट रचून ठेवली होती. भंडारा आवसेच्या आधी धुतला, म्हणून बिरोबानं दोन बोटं दंड घेतली. नाहीतर त्या दिवशी इंगळातच पाय जळाल्याशिवाय राहिला असता का! सुलाबाईच्या कानावर ते आलं होतं. ती खाली मान घालून चालली.

बिराप्पा जाड वहाणा घालून देवळाच्या पायरीवर बसला. चरात इंगळ पसरले गेले. दिवस मावळायला आला आणि ढोल सुरू झाले. आधी एक, मग दहा, मग मोजता येऊ नयेत इतके. सुलाबाई शेजारी उभी राहून त्याच्याकडं बघत होती. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. खांदे हलायला लागले. ढोलाच्या ठेक्याबरोबर त्याचे गुडघे उडायला लागले. गेल्या वर्षीचा तो आनंद त्याच्या तोंडावर हळूहळू परत चढताना तिला दिसला. एका वहाणेतून पाय अर्धा बाहेर आला होता.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बिराप्पा, चल! द्येव बोलावतोय!" चारदोघं त्याला उठवायला पुढं झाले. तात्याबा भंडाऱ्याची वाटी घेऊन उभा होता, पण त्याचा हात काही वर होत नव्हता.

बिराप्पानं बायकोकडं मान वळवली. अंग घुमत होतं, दात वाजत होते, डोळ्यांत पाणी होतं. ढोलाच्या आवाजात तिला त्याचे शब्द जेमतेम ऐकू आले.

"सुले, मला लय भ्या वाटतंय. माझं पाय पळत्यात. धर. पाय धर माझं."

सुलाबाई पायरीखाली बसली. तिनं वहाणेतून निसटलेला पाय आधी आत सरकवला आणि मग दोन्ही घोटे दोन्ही हातांनी आवळून छातीशी धरले. पाय झटके देत होते. तिनं डोकं त्यांच्यावर दाबलं आणि सगळं अंग टाकलं.

लोकांना वाटलं, बाई देवाच्या माणसाच्या पायावर पडली. उठवायला आलेली माणसं मागं सरली आणि त्यांनी हात जोडले. एक म्हातारी पुढं येऊन वाकली, मग दुसरी, मग रांगच लागली. पाय झाकलेले होते, म्हणून लोक सुलाबाईच्या हातांवरच डोकं टेकवून जात होते. तिकडं चरावरून नवसाची माणसं झपाझपा पलीकडं जात होती. इंगळाची धग विझून राख पांढरी पडेपर्यंत तिनं हात सोडले नाहीत.